आवक आहे, जावक नाही: मिसिसिपीच्या गव्हर्नरांच्या टपालाची नोंदवही

२ जून

आज श्रीगणेशा. पुतणीने शीट करून दिलं, रकाने मी सांगितले: आवक क्रमांक, तारीख, गाव व काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा), अर्जदार, मागणी, शेरा. ती म्हणाली, "काका, हे तर तुमचं तहसीलचं रजिस्टरच झालं." झालं तर झालं. तेहतीस वर्षं अर्ज वाचले, आता दुसऱ्याच्या दफ्तरातले वाचतो.

दफ्तर अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचं. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, गुलाम मोकळे झाले आणि पुढची दहा-बारा वर्षं दक्षिणेत पुनर्रचनेचा काळ चालला. त्या काळात गव्हर्नरांकडे आलेली पत्रं राज्याच्या अभिलेखागारात आहेत आणि स्कॅन होऊन जालावर आली आहेत. सगळी वाचायला हा जन्म पुरायचा नाही. म्हणून एकच गव्हर्नर धरला: ॲडेलबर्ट एम्स. जानेवारी १८७४ ते मार्च १८७६. मूळचा मेन राज्यातला, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेला, बुल रनच्या लढाईत जखमी होऊनही तोफ न सोडणारा माणूस. काळ्या मतदारांच्या जोरावर निवडून आला. राज्यात काळी वस्ती निम्म्याहून जास्त होती.

कामाचं स्वरूप: पत्राचा गोषवारा मराठीत, नेमकं वाक्य असेल तर तेवढं जसंच्या तसं भाषांतर. घाई नाही.

५ जून

कागदाची पाठ वाचायला शिकलो. पत्र आलं की सचिव त्याची तीन घड्यांची पट्टी करून पाठीवर लिहायचा: कोणाचं, कुठून, कुठल्या तारखेचं, कशाबद्दल. कप्प्यात उभं ठेवलं तरी वाचता यावं म्हणून. आमच्याकडे हेच टाचणावर असतं. पोटातली पानं वाचायला तास लागतो, पाठ वाचायला दहा सेकंद. कोणत्याही कचेरीत साहेब काय वाचतात, ते मला ठाऊक आहे.

एका शब्दावर अडलो: शेरीफ. मराठी वाचकाला मुंबईचे शेरीफ आठवतील, म्हणजे फिती कापणं आणि विमानतळावर पाहुण्यांचं स्वागत. मिसिसिपीतला शेरीफ काउंटीचा फौजदार, शिवाय करवसुली त्याच्याकडे, ज्यूरीला बोलावणंही त्याच्याच हाती. मामलेदार, फौजदार आणि कोर्टाचा नाझर एकाच खुर्चीत. पद निवडणुकीचं, पण बसण्याआधी मोठ्या रकमेचं जामीनखत द्यावं लागे आणि जामीन राहण्याइतका पैसा गोऱ्यांकडेच होता. नवा शेरीफ काळा असेल तर जामीनदार मिळू नयेत, एवढी तजवीज पुरे व्हायची. "शेरीफ" हाच शब्द ठेवतो, तळाशी टीप देतो.

११ जून

रोजचं टपाल. जस्टिस ऑफ द पीसच्या (किरकोळ खटले चालवणाऱ्या स्थानिक न्यायाधीशाच्या) नेमणुकीची शिफारस, फरार खुन्याला पकडून देण्यासाठी इनाम जाहीर करा, कैद्याला माफी द्या. माफीच्या अर्जांखाली सह्यांची रांग असते. लिहिता न येणाऱ्याचं नाव दुसऱ्याने लिहायचं आणि मधे तो स्वतः फुली मारायचा. आमच्याकडे "निशाणी डावा अंगठा". त्याआधी जुन्या मराठी कागदांत कुणबी नांगर काढायचा, "निशाणी नांगर". फुलीपेक्षा नांगर बरा, माणूस काय करतो ते तरी कळतं.

१९ जून

कक्षेबाहेर गेलो. पुतणी रागावेल, पण हा अर्ज वगळला तर पुढचं कळणार नाही.

डिसेंबर १८६५. क्लेबोर्न काउंटीतल्या मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी गव्हर्नर हंफ्रीज यांना अर्ज केला. हंफ्रीज परवापर्यंत बंडखोर दक्षिणेच्या सैन्यात सेनापती होते, म्हणजे अर्ज कोणाकडे करावा लागतोय ते पाहा. महिनाभरापूर्वीच राज्याने काळ्यांसाठी वेगळे कायदे केले होते. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत प्रत्येकाकडे कामधंद्याचा लेखी दाखला हवा. वर्ष पुरं व्हायच्या आत काम सोडलं तर मजुरी बुडाली, वर धरून परत आणणार. अनाथ मुलं, किंवा ज्यांचे आईबाप पोसू शकत नाहीत असं कोर्टाला वाटेल ती मुलं उमेदवारीवर बांधून द्यायची, आणि त्यात पहिला हक्क पूर्वीच्या मालकाचा.

त्या अर्जातलं एक वाक्य: "मिसिसिपीने गुलामगिरी रद्द केली आहे. हे ती मनापासून म्हणते, की सध्यापुरतं धोरण आहे?"

हजारो अर्ज हाताखालून गेले, पण इतका सरळ प्रश्न कुणी सरकारला विचारलेला मी वाचला नव्हता. मराठीत उतरवताना पहिल्यांदा "मायबाप सरकारने खुलासा करावा ही विनंती" असं शेपूट आपोआप जोडलं गेलं. सवय. खोडलं. मूळात विनंती नाही, प्रश्न आहे.

उत्तर कधी मिळालं? गुलामगिरी रद्द करणारी राज्यघटनेची १३ वी दुरुस्ती देशात १८६५ मध्ये लागू झाली, मिसिसिपीने मात्र ती नाकारली होती. राज्याच्या विधिमंडळाने ती मंजूर केली १९९५ मध्ये. आणि मंजुरीचा कागद वॉशिंग्टनला रीतसर पाठवायचाच राहून गेला! ठराव झाला, जावक नोंदच नाही. भारतातून तिकडे स्थायिक झालेल्या एका वैद्यकीय प्राध्यापकाने लिंकनवरचा सिनेमा पाहून शोध घेतला, तेव्हा ही गोष्ट उघडकीला आली आणि २०१३ मध्ये पूर्तता झाली. आमच्या कार्यालयात अशा कागदाला "प्रलंबित" म्हणत. एकशे सत्तेचाळीस वर्षं प्रलंबित.

२० जून

पुतणीने आकडा तपासला. १८६५ पासून मोजलं तर १४८ भरतात. तिचं बरोबर.

२८ जून

व्हिक्सबर्ग शहर, वॉरन काउंटी, डिसेंबर १८७४. आठवडाभर यावरच आहे.

वॉरन काउंटीचा शेरीफ पीटर क्रॉसबी, काळा, युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यात राहिलेला. जामीनखत अपुरं आहे म्हणून गोऱ्या करदात्यांची तक्रार. करवाढ खरीच झाली होती, हेही लिहून ठेवतो. युद्धाआधी राज्यभराची सार्वजनिक शाळांची व्यवस्थाच नव्हती, ती आता उभी करायची होती आणि पैसा जमिनीच्या करातून यायचा होता. काही अधिकाऱ्यांवर अफरातफरीचे आरोप होते, तेही सगळे खोटे नव्हते. पण २ डिसेंबरला पाच-सहाशे माणसं कोर्टाच्या इमारतीवर चालून गेली ती हिशेब तपासायला नव्हे. क्रॉसबीकडून राजीनामा लिहून घेतला.

क्रॉसबी तसाच राजधानीला, जॅक्सनला, एम्सकडे. एम्सचं म्हणणं: धाकाने घेतलेला राजीनामा राजीनामाच नव्हे, परत जा, पद घ्या. कायद्याने अचूक. साहेबाचा सल्ला कायद्याने अचूक असला म्हणजे खाली काय होतं ते खालच्यांनाच ठाऊक. ७ डिसेंबरला आसपासच्या गावांतून काळे लोक आपल्या शेरीफच्या मदतीला शहराकडे निघाले. वेशीवर बोलणी झाली, ते परत फिरले, आणि पाठीवर गोळीबार झाला. पुढचे काही दिवस घरोघर शोधून मारलं. किमान २९ काळे आणि २ गोरे मेले. जास्तीचे अंदाज शेकड्यांत जातात.

आता कागदाची वाट. राज्याच्या मदतीला केंद्राचं सैन्य हवं तर घटनेप्रमाणे मागणी विधिमंडळाने करायची, ते भरवता येत नसेल तरच गव्हर्नरने. एम्सने खास अधिवेशन बोलावलं, विधिमंडळाने ठराव केला, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी २१ डिसेंबरला जाहीरनामा काढला, जानेवारीत सैन्य आलं, क्रॉसबी पुन्हा खुर्चीवर. शेऱ्याच्या रकान्यात मला पहिल्यांदाच "कार्यवाही झाली" लिहायला मिळालं.

१८७५ च्या जूनमध्ये क्रॉसबीला त्याच्याच गोऱ्या दुय्यमाने गोळी घातली. वाचला. ही ओळ कुठल्या रकान्यात घालू?

९ जुलै

सप्टेंबर १८७५. निवडणूक २ नोव्हेंबरला. पत्रांचा सूर बदलतो. नेमणुका, इनामं, माफ्या मागे पडतात. अक्षर घाईचं, कागद मिळेल तो.

१ सप्टेंबरला याझू सिटीत रिपब्लिकन सभा गोळ्या झाडून उधळली. (रिपब्लिकन म्हणजे तेव्हाचा लिंकनचा पक्ष, काळ्यांचा आधार. आजच्या वर्तमानपत्रातला अर्थ इथे लावू नये.) तिथला गोरा रिपब्लिकन शेरीफ पळून जॅक्सनला आला. ४ सप्टेंबरला क्लिंटनजवळ मोठी सभा होती, बायकापोरांसह, रानातल्या जेवणावळीसारखी. तिथे गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं पडली. मग आगगाडीने बाहेरून हत्यारबंद टोळ्या आणल्या आणि कित्येक दिवस आजूबाजूच्या वस्त्यांत माणसं टिपली. लोक जंगलात लपले, शेकडो जॅक्सनमध्ये आश्रयाला आले. गव्हर्नरच्या दारात अर्जदार स्वतःच येऊन बसला होता.

आणि पत्रं. व्हिक्सबर्गहून एक: बंडखोर इथे हत्यारं घेऊन तयार होताहेत, सटार्शियाला जाऊन आणखी गरीब काळे मारणार आहेत. पुढे पाच शब्द, "Gov., aint the no pertiction?" असे. हा सगळा मजकूर देवनागरीत करायचा माझा नियम आहे, म्हणून वहीत असं घेतलं: "गव्ह., एंट द नो पर्टिक्शन?" शुद्ध इंग्रजीतला प्रोटेक्शन शब्द त्याने पर्टिक्शन असा लिहिलाय.

दोन दिवस यावर बसलो. पहिला खर्डा ग्रामीण बोलीत केला: "गव्हर्नरसाहेब, आमास्नी कुनी वाली न्हाई का वो?" पुतणीला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "काका, हा नाटकातला गडी वाटतो." खरं होतं. लिहिणारा विनोदी नव्हता, गावंढळही नव्हता. दहा वर्षांपूर्वीपर्यंत गुलामांना अक्षर शिकवायला बंदी होती. मोठेपणी शिकलेल्या अक्षरांत त्याने राज्याच्या प्रमुखाला लिहिलं. चूक बोलीतली नाही, स्पेलिंगची आहे.

मग सुचलं. तहसीलमध्ये शंभरातल्या साठ अर्जांत "संरक्षण" हा शब्द "सरंक्षण" असा यायचा. अनुस्वार एक घर पुढे. शिकलेले लोकही तसाच लिहितात. तेव्हा: "गव्हर्नरसाहेब, काहीच सरंक्षण नाही का?"

क्रमांक ३८. शुद्धलेखन दुरुस्त करू नये, अशी टीप लावली.

१० जुलै

आणखी तीन. आशय जवळपास एक: रात्री घरांवर फिरतात, मत दिलं तर मारू म्हणतात, सैन्य नसेल तर आम्ही मतदानाला जाणारच नाही. मदत पाठवा, मदत.

आज जास्त झालं नाही.

१५ जुलै

इथे वहीत एक विचित्र नोंद करावी लागली: अर्जदार, गव्हर्नर एम्स.

७ सप्टेंबरला त्याने खाजगी हत्यारबंद टोळ्यांनी पांगावं असा हुकूम काढला. कुणी ऐकलं नाही. ८ तारखेला ग्रँटकडे तार: सैन्य हवं. ग्रँट तेव्हा न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर लाँग ब्रँचला. त्याने ॲटर्नी जनरल एडवर्ड्स पियरपॉन्टना लिहिलं आणि पियरपॉन्टनी १४ सप्टेंबरला एम्सला उत्तर दिलं, ग्रँटच्या पत्रातले सोयीचे तुकडे उचलून. त्यातलं गाजलेलं वाक्य: दक्षिणेतल्या या दरवर्षीच्या शरद ऋतूतल्या उठावांना सगळी जनता कंटाळली आहे. वर उपदेश: आधी आपली साधनं वापरा, तुमच्या लोकांत आपल्या हक्कांसाठी लढण्याची मर्दुमकी आहे हे दिसू द्या.

जाहीरनामा काढावाच लागला तर सैन्याने हा पोरखेळ समजू नये, असंही ग्रँटने लिहिलं होतं. ते पुढे पाठवताना गळलं. पत्राची घडी घालणारा काय गाळतो, याला फार महत्त्व असतं. ऑक्टोबरमध्ये ओहायोत निवडणूक होती, आणि दक्षिणेत पुन्हा सैन्य धाडलं तर ओहायो हातचं जाईल असं तिथल्या पुढाऱ्यांनी बजावलं होतं. ओहायो राहिलं.

मी नोकरीत असताना एक म्हातारी दर सोमवारी यायची, जमिनीच्या वाटणीचा अर्ज. मी सांगायचो, "आजी, वर पाठवलाय." खोटं नव्हतं, खरंच वर पाठवला होता. दोन वर्षं मी तेच सांगितलं. एम्सच्या दारात बसलेल्यांना एम्सही तेच सांगत असणार, आणि त्याचंही खोटं नव्हतं.

१८ जुलै

पुतणीची हरकत: "तुम्ही एम्सला फार सांभाळून घेताय. त्याच्याकडे मिलिशिया, राज्याची स्वतःची फौज, होती ना?" होती. काळ्यांच्या तुकड्या उभ्या करायला त्याने सुरुवात केली, ऑक्टोबरमध्ये चार्ल्स कॉल्डवेलच्या हाताखाली एक जॅक्सनहून निघाली. मग वॉशिंग्टनहून आलेल्या मध्यस्थाने डेमोक्रॅट, म्हणजे विरोधी पक्षाच्या, जे. झेड. जॉर्ज या पुढाऱ्याशी समेट घडवला: तुम्ही तुकड्या मोडा, आम्ही शांततेत निवडणूक होऊ देतो. एम्सने मोडल्या. काळ्यांना हत्यारं देऊन उतरवलं तर उघड वंशयुद्ध होईल, ही भीती. तुकड्या न मोडता काय झालं असतं, यावर आम्ही दोघं अर्धा तास भांडलो.

त्याच दिवसांत एम्सने बायकोला लिहिलंय: हत्यारांच्या जोरावर क्रांती झाली आहे, एका वंशाचा मताधिकार गेला आहे, ही दुसरी गुलामगिरी. तारीख ऑक्टोबरची. मतदान व्हायला अजून तीन आठवडे होते.

निकाल: काळी बहुसंख्या असलेल्या पाच काउंट्यांत रिपब्लिकनांना मिळालेली मतं १२, ७, ४, २ आणि ०. ७ याझूची.

पुतणीने शीटमधली दुहेरी नावं शोधायचं सूत्र लावलं आणि "ब्लँच" वर गाडी अडली. एम्सची बायको ब्लँच. मुलगी ब्लँच, तिने लग्न केलं तेही दुसऱ्या एम्स घराण्यात, म्हणून ती ब्लँच एम्स एम्स. आणि मिसिसिपीचा काळा सिनेटर ब्लँच ब्रूस, तो पुरुष. सूत्र काढून टाकलं.

२६ जुलै

चार्ल्स कॉल्डवेल. वहीत त्याचा अर्ज नाही, पण त्याच्याशिवाय वही पुरी होत नाही. गुलाम, क्लिंटनचा लोहार, १८६८ च्या राज्यघटना समितीचा सभासद, मग राज्य सिनेटर. निवडणुकीनंतर नाताळच्या आठवड्यात ओळखीच्या एका गोऱ्याने त्याला दुकानात एक पेला घ्यायला आग्रहाने नेलं. पेले एकमेकांना टेकले, ती खूण होती. खिडकीतून गोळी आली. तळघरात मरू देऊ नका, रस्त्यावर न्या, असं त्याने सांगितलं. रस्त्यावर नेऊन गोळ्यांची चाळण केली. त्याच्या भावालाही मारलं.

हे सगळं कळतं ते त्याच्या बायकोच्या साक्षीतून. मार्गरेट ॲन कॉल्डवेल, १८७६ मध्ये सिनेटच्या चौकशी समितीसमोर. समितीचा अध्यक्ष जॉर्ज बाउटवेल, अहवाल दोन जाडजूड खंडांचा. जुलैत नोंदवलेली बरीचशी पत्रं मी त्याच छापील खंडांतून घेतली. म्हणजे ज्या कागदांवर कार्यवाही झाली नाही ते चौकशीत पुरावा म्हणून जोडले गेले, आणि अहवालावरही कार्यवाही झाली नाही.

एम्सचा शेवट लवकर उरकतो, कारण त्यांनीही लवकर उरकला. नव्या विधिमंडळाने आधी लेफ्टनंट गव्हर्नर ए. के. डेव्हिस या काळ्या माणसाला महाभियोगाने काढलं, नाहीतर एम्सनंतर खुर्ची त्याच्याकडे गेली असती. मग एम्सवर आरोप. आरोप मागे घ्या, मी जातो, असा सौदा झाला. राजीनामा २९ मार्च १८७६. जॉन स्टोन गव्हर्नर झाला.

३ ऑगस्ट

एम्स निवडून आला ते साल १८७३. त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' निघालं, अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मोकळं केल्याबद्दल. शाळेपासून ही अर्पणपत्रिका माहीत होती. आता तारखा शेजारी ठेवून पाहिल्या. इकडे छपाई झाली तेव्हा तिकडे वॉरन काउंटीचा शेरीफ कोण होणार, जामीन कोण राहणार, हे चालू होतं. फुल्यांपर्यंत मुक्तीची बातमी पोचली होती, आणि तेव्हा ती खरी होती. पुतणी म्हणते हे प्रस्तावनेत घाला. नको, वेगळं टिपण करू, इथे ते पाहुणं वाटेल.

१२ ऑगस्ट

शेवटची नोंद म्हणून एक अर्ज कक्षेबाहेरचा, पण याच घरातला.

एम्स खूप जगला, १९३३ पर्यंत, ९७ वर्षं. राजीनाम्यानंतर मिनेसोटातल्या नॉर्थफील्डला घरच्या पिठाच्या गिरणीच्या कामाला गेला, तर तिथे जेसी जेम्सच्या टोळीने बँकेवर दरोडा घातला आणि हा तिथेच. नशीबच तसं. १९५६ मध्ये सिनेटर जॉन केनेडींचं गाजलेलं पुस्तक आलं. त्यात एम्सचा कारभार म्हणजे मिसिसिपीवरचं संकट, आणि कौतुक लॅमार या मिसिसिपीच्या पुढाऱ्याचं, जो १८७५ च्या प्रचारात विरुद्ध बाजूला होता. ब्लँच एम्स एम्सने केनेडींना लिहिलं: दुरुस्त करा. सभ्य उत्तर आलं, दुरुस्ती नाही. तिने पुन्हा लिहिलं. केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले, तिची पत्रं व्हाइट हाउसला जाऊ लागली. तिचा नातू जॉर्ज प्लिंप्टन तिथे मेजवानीला गेला असता केनेडींनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तुझ्या आजीला लिहिणं थांबवायला सांग. तिने थांबवलं नाही. शेवटी वडिलांचं चरित्र स्वतःच लिहून १९६४ मध्ये छापलं, वयाच्या ८६ व्या वर्षी.

क्रमांक ६१. मागणी: दुरुस्ती. शेरा रिकामा.

रात्री पुतणीने शीट छपाईसाठी पाठवलं. पाहतो तर ३८ व्या ओळीत "संरक्षण". तिने सगळ्या शीटला शुद्धलेखन तपासनीस लावला होता, माझी टीप त्याने वाचली नाही. चार ठिकाणी बदललंय. उद्या सकाळी हाताने परत चुकीचं करायचं.